रेघेपर्यंत पाणी

सोजरआत्याची कापडी पिशवी आमच्या घरात खुंटीला टांगलेली होती. आत्या गेल्यानंतर पाच आठवडे ती पिशवी कुणी खाली काढली नाही. पिशवीत एक टॉवेल, मिश्रीची डबी, तिकिटाची घडी आणि पाण्याची एक लिटरची बाटली होती. बाटलीचं सील तसंच होतं. ती बाटली मी परभणीच्या बसस्टँडवर घेऊन खिडकीतून तिच्या हातात दिली होती. त्यानंतर मी तिला पाहिलं ते दवाखान्यात, आणि तेव्हा ती मला ओळखत होती की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. परीक्षेत निबंध लिहिले तेवढेच, त्यामुळे हे नीट मांडता येईल की नाही ठाऊक नाही. पण लिहायला हवं असं वाटतं, कारण आत्या ज्या आजारानं गेली त्या आजारानं माणूस जायची गरज नसते. आणि ती तशी गेली त्यात माझं एक वाक्य आहे...

आमची वस्ती राणीसावरगावच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. बारा-तेरा घरं, सगळी मेंढ्या-शेळ्या राखणारी. सोजरआत्या माझ्या वडिलांची, बापूंची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा साप चावून गेला तेव्हा ती माहेरी आली ती कायमची. मूलबाळ नव्हतं. कळप तीच सांभाळायची असं म्हटलं तरी चालेल. बापू नावाला मालक. कोणती मेंढी कधी विणार, कोणत्या कोकराला दुसरीचं दूध लावायचं, हे ती ठरवायची आणि बापू मान हलवायचे. मी शाळेत जायला लागले तेव्हा ओढ्यापर्यंत ती कळप घेऊन माझ्याबरोबर यायची आणि मी पलीकडे चढून दिसेनाशी होईपर्यंत काठी टेकून उभी राहायची. तिला शाळेतलं काही कळत नव्हतं. संध्याकाळी एवढंच विचारायची, "आज मोठ्यानं बोललीस का?" मी वर्गात फार हळू बोलते अशी मास्तरांची तक्रार एकदा तिच्या कानावर आली होती. तेव्हापासून हा प्रश्न बारावीपर्यंत चालला.

तिच्याकडून मी एक गोष्ट शिकले ती इथे लिहून ठेवते. कोकराला हगवण लागली की ती त्याच्या तोंडात बोट घालायची. नंतर मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडायची. "तोंड वलं हाय तवर फिकीर न्हाई," म्हणायची. "तोंड कोरडं पडलं, चिमटी घेतलेली कातडी तशीच उभी राह्यली, की समज जित्राब चाललं." मी आठ-नऊ वर्षांची असताना तिनं माझं बोट धरून एका कोकराच्या तोंडात घातलं होतं. आतून ते कापडासारखं कोरडं होतं. दुपारपर्यंत ते कोकरू गेलं. पुढे कॉलेजात आरोग्याच्या तासाला मॅडमनी शरीरातलं पाणी कमी झाल्याच्या खुणा सांगितल्या, तर त्या याच होत्या. वहीत उतरवताना मला हसू आलं, की हे तर आमच्या आत्याला माहीत आहे.

पण त्यावर उपाय मात्र आमच्याकडे उलटा होता. कोकराला हगवण लागली की त्याला आईपासून तोडायचं, दूध बंद, पाणी बंद. पोट रिकामं झालं की आपोआप थांबतं अशी समजूत. माणसालाही तेच. दोन वर्षांपूर्वी परभणीच्या आमच्या कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर योगायोगानं आमच्याच वस्तीजवळ लागलं आणि जुलाबावर काय करायचं हे बायकांना दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी ओआरएसचं पाकीट फोडलं, पाण्यात टाकलं, ढवळलं. समोर सगळ्या माझ्या काकू, चुलत्या बसलेल्या. शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "आधीच पानी जायलंय, त्यात आनखी पानी वतायचं? मंग तर लेकरू दिसभर टमरेल घिऊनच बसंल." सगळ्या हसल्या. मी पाठ केलेलं सांगत राहिले, की जुलाबातून पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढले नाहीत तर माणूस दगावतो, जुलाब थांबवण्यापेक्षा गेलेलं भरणं महत्त्वाचं. माझा आवाज लहान लहान होत गेला. मागून आत्या म्हणाली, "मोठ्यानं बोल की माय. ऐकू येईना."

तिलाही पटलं नव्हतंच. पण त्याच आठवड्यात तीन कोकरांना हगवण लागली. शिबिर संपल्यावर मी सहा पाकिटं घरात ठेवून आले होते. ती तिनं कोकरांवर वापरून पाहिली. दूध तोडलं नाही, दिवसभर थोडं थोडं ते पाणी पाजलं. तिन्ही जगली. तिनं मला फोन केला, "पोरी, तुझं औशद लागू पडलं बरं का." मी विचारलं, कुणाला काय झालं होतं? तर म्हणाली, "कोकराला." मी रागावले, ती माणसांसाठी होती म्हटलं. त्यावर म्हणाली, "मानसांनी तुझ्यावर इश्वास ठिवला न्हाई ना. आता कोकरं बघून ठिवतील." आणि झालंही तसंच. शेवंताकाकूंच्या नातीला जुलाब लागले तेव्हा त्या आपण होऊन पाकीट मागायला आल्या.

मात्र त्या वेळी एक घोटाळा झाला. काकूंनी सगळं पाकीट एका पेल्यात कालवलं. इतकं खारट झालं की पोरीनं ओकून टाकलं. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे लिटर कुणाला ठाऊक? तांब्या ठाऊक, पेला ठाऊक, आणि प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. कमी पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन उलटा त्रास होतो, हे शिबिरात सांगायचं मी विसरले होते. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा एक लिटरच्या बाटलीनं मोजून आत्याच्या स्टीलच्या भगुन्यात पाणी ओतलं आणि आतून त्या पातळीला नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. राखेनं घासून घासून ती महिन्याभरात निघायला आली. तेव्हा आत्या ते भगुनं घेऊन गंगाखेडच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकणाऱ्याकडे गेली. त्यानं विचारलं, काय नाव टाकू, आजी? ही म्हणाली, "नाव नगं. आतून रेघ टाक, हितून हितवर." त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. त्यानं नावाचेच पैसे घेतले आणि आतून गोल ठिपक्यांची रेघ कोरून दिली. हे सगळं ती मला फोनवर हसत हसत सांगत होती. त्यानंतर ते भगुनं कधी आमच्या घरात राहिलंच नाही. कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं असे आणि "सोजराबाईचं रेघंचं भगुनं" त्या घरी गेलेलं असे.

या भाद्रपदात कॉलेजनं शिबिरात काम केलेल्या मुलांचा सत्कार ठेवला. मला दोन मिनिटं बोलायचं होतं, विषय हाच. मी आत्याला बोलावलं. माय-बापूंना मेंढ्या सोडून येणं शक्य नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला तीच हवी होती. वस्तीवर त्याच आठवड्यात विजेची डीपी जळाली होती. बोअर बंद, म्हणून सगळे ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी पीत होते. पावसाचं गढूळ पाणी त्या विहिरीत उतरतं. उकळून घ्या असं मी फोनवर म्हटलं असेल, नसेलही... आठवत नाही. तीन-चार घरांत जुलाब सुरू झाले. आत्याला नेमकं विहिरीच्या पाण्यानं झालं, की मेंढ्यांचं करून तसेच हात पुसून भाकरी खाल्ल्यानं, की कालची कढी उन्हात राहिल्यानं, ते आता कळणार नाही. तिन्ही गोष्टी आमच्याकडे रोजच्या आहेत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "आगं, दोन दिसापासून पोट झडायलंय जरा. पर येते मी सकाळच्या गाडीनं."

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "मग आत्या, आता काही खाऊ-पिऊ नको जास्त. बसमध्ये पंचाईत होईल. इकडं आल्यावर बघू."

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तू सांगायलीस म्हंजे बरुबरच असंल."

मी हे का म्हणाले, याचा मी खूप विचार केला आहे. मला माहिती होतं. दुसऱ्या दिवशी स्टेजवरून नेमकं याच्या उलट मी सांगणार होते, तो कागद त्या वेळी माझ्या हातात होता. पण मला आमची एसटी दिसत होती, वाटेत गाडी थांबवून उतरणारी आत्या दिसत होती, ओला पदर सावरत सभागृहात येणारी आणि माझ्या मैत्रिणींच्या शेजारी बसणारी आत्या दिसत होती. मला लाज वाटली असणार. काळजीच्या आवाजात मी लाज बोलले. आणि तिनं ते शिकलेल्या पोरीचं बोलणं म्हणून पाळलं. वर, गाडीत अडचण नको म्हणून, राणीसावरगावच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी घेतली आणि एकाऐवजी दोन खाल्ल्या. हे नंतर कळलं.

ती आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तिसऱ्या ओळीत बसली. मी बोलले. त्या दिवशी मी खरंच मोठ्यानं बोलले. जुलाब झाले तर पाणी थांबवू नका, उलट प्रत्येक जुलाबानंतर पाणी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. जेवण तोडू नका, खिचडी, दहीभात, भाताची पेज चालू ठेवा. बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. थांबवायच्या गोळ्या मनानं घेऊ नका. शौचातून रक्त येत असेल, ताप असेल, लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील, माणूस सुस्त पडत असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. मी हे सगळं तिसऱ्या ओळीकडे बघून म्हणाले. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला ते दिसले आणि वाटलं, प्रवासानं दमली असेल. टाळ्या वाजल्या. तिनं सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडून बसस्टँडवर आलो तेव्हा म्हणाली, "आज ऐकू आलं. पार मागं भिताडापस्तोर ऐकू आलं."

मी विचारलं, "तू पाणी पिलीस का?"

"पेले की घोटभर."

"घोटभर काय? आत्ता सांगितलं ना मी."

"आता परत गाडीत बसायचंय की. तूच म्हनलीस." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. साधं सांगितल्यासारखं सांगितलं. मी म्हटलं, ते सोड, आत्ता पी, समोर मेडिकल आहे, पाकीट आणते. तेवढ्यात गंगाखेडची गाडी फलाटाला लागली. ती पुढं चालायला लागली. "घरी हायत की पाकिटं," म्हणाली. सुट्टीत मी पाकिटं भरून ठेवलेल्या डब्यात ती अजून आहेत असंच मी धरून चालले होते. डबा केव्हाच रिकामा झाला होता, वस्तीवर त्या आठवड्यात सगळ्यांना लागली होती, आणि हे तिला माहीत होतं. गाडी सुटायच्या वेळी मला पळापळ नको म्हणून ती तसं म्हणाली. मी बाटली घेऊन खिडकीतून दिली. तिची बोटं माझ्या हाताला लागली. गार होती. बाहेर ऊन होतं... मी तेव्हा तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली असती तर? तिनंच शिकवलं होतं ना मला. पण माणसाच्या हाताला अशी चिमटी घ्यायचं सुचत नाही. मी हात हलवला आणि होस्टेलला परत आले. मैत्रिणी फोटो बघत होत्या.

सकाळी बापूंचा फोन आला, आत्या उठत नाही, काहीतरी बरळतेय. तिला आधी गंगाखेडला आणि तिथून परभणीला आणलं. कालपासून लघवी झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय, किडनीवर गेलंय, एक दिवस आधी आणायला हवं होतं. एक दिवस आधी ती परभणीतच होती, माझ्यासमोर. सलाईन चालू होती, मी शेजारी बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिच्या आधी आजारी पडलेली वस्तीवरची सगळी माणसं तोवर हिंडायफिरायला लागली होती. त्यांनी तिच्याच भगुन्यातून पाणी घेतलं होतं.

फोनवरचं ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दहावा झाला, तेरावा झाला. भेटायला येणारे म्हणायचे, "पोरीचं कौतुक बघून गेली, भागवान." मी खाली बघायचे. मग हा लेख लिहायला घेतला आणि लक्षात आलं, की छापून आला तर बापू तो कुणाकडून तरी वाचून घेतील. त्यांना वाचता येत नाही. आपल्या बहिणीबद्दल काय लिहिलंय म्हणून ते वस्तीवरच्या कुठल्याही शाळकरी पोराला समोर बसवतील आणि सगळ्यांसमोर ते वाक्य ऐकतील. म्हणून गेल्या रविवारी मी घरी गेले.

बापू अंगणात मेंढ्या कोंडायच्या जाळीची गाठ मारत बसले होते. मी सांगितलं. फोनवरचं सगळं, शब्दन् शब्द. त्यांचे हात थांबले नाहीत. मग म्हणाले, "ती गाडीत कंदीच पानी पीत नव्हती. कापूस येचाया जायची तवाबी दिसभर न्हाई. आडोसा नसतोय ना बायांना. तू म्हनली नसतीस तरी पेली नसती."

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्यांनीच पुढे म्हटलं, "पर तू म्हनायला नको होतं. तुझं तिनं ऐकलं असतं. पी म्हनली असतीस तर पेली असती."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. तेवढ्यात शेवंताकाकू आल्या. त्यांच्या नातीचं पोट पुन्हा बिघडलं होतं. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी झिंकच्या गोळ्या आणि पाकिटं दिली होती, गोळ्या चौदा दिवस द्यायच्या हे काकूंनी बोटं मोजून मला सांगितलं. भगुनं त्यांच्याकडेच होतं, घासून चकचकीत केलेलं. ते पुढे करत म्हणाल्या, "पोरी, एवडं बघ बरं. गावातली एकजन म्हनली, त्या भांडेवाल्यानं रेघ अदमासानं मारली आसंल, खरं लिटर न्हाई ते. सोजराबाई आसती तर इचारलं आसतं." आणि मग पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, मोजून बघू. पण मोजायला घरात लिटरचं काही नव्हतं. बापू उठले. आत जाऊन त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, टॉवेल बाजूला केला आणि बाटली घेऊन बाहेर आले.

"हे लिटरच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

बाटलीवर लिहिलेलं मी वाचून दाखवलं. एक लिटर. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. स्वतः सील पिळून काढलं, भगुनं ओट्यावर सपाट ठेवलं आणि हळूहळू ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरून ठेवली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पाणी हललं, थांबलं. ठिपक्यांच्या रेघेला बरोबर लागलं होतं, सगळीकडून सारखं.

"बरुबर हाय," बापू म्हणाले.

काकूंनी पाकीट फोडलं, सगळं टाकलं, चमच्यानं ढवळलं. मग पदराखाली भगुनं झाकून, सांडू नये म्हणून हळू पावलं टाकत त्या नातीकडे गेल्या.